एचआर शिकायचंय? अभ्यासक्रम, प्रत्यक्ष काम आणि रत्नागिरीहून निघणाऱ्या वाटा

भाद्रपद जवळ आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या कारखान्यांमध्ये एका टेबलावर अर्जांचा गठ्ठा वाढू लागतो. सगळ्यांना गणपतीची रजा हवी असते. घरचा गणपती, त्यात गौरी, भजनाची बारी, मुंबईहून आलेली भावंडं. कारण कोणाचंच खोटं नसतं. पण लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाना असेल, तर तिथला रिअ‍ॅक्टर काही चतुर्थी पाहून थांबत नाही. तिन्ही पाळ्यांना माणसं लागतातच. मग कोणाला आधी सोडायचं, कोणाला दीड दिवसाचं विसर्जन झाल्यावर परत बोलवायचं, गेल्या शिमग्याला कोण थांबला होता, हा हिशेब ज्याला ठेवावा लागतो तो त्या कारखान्याचा एचआर.

बारावीनंतर किंवा पदवीनंतर ‘एचआर करायचंय’ म्हणणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र असतं. एसी केबिन, लॅपटॉप, समोर बसलेला उमेदवार आणि आपण विचारतोय, ‘स्वतःबद्दल थोडं सांगा.’ हेही एचआरचं काम आहे, पण सगळ्या कामाचा तो लहानसा भाग. म्हणून अभ्यासक्रमांच्या यादीकडे जाण्याआधी हे काम आलं कुठून आणि त्यात दिवसभर काय करावं लागतं, ते पाहू.

एचआर म्हणजे नेमकं काय?

ह्यूमन रिसोर्स या शब्दांचं लघुरूप म्हणजे एचआर. मराठीत मानव संसाधन किंवा मनुष्यबळ. केंद्राचं शिक्षण खातं १९८५ ते २०२० या काळात मनुष्यबळ विकास मंत्रालय म्हणून ओळखलं जायचं, त्यामुळे हा शब्द बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. त्या मंत्रालयाचा आणि कंपनीतल्या एचआरचा तसा काही संबंध नाही.

कंपनीत माणूस येण्याआधीपासून तो निघून जाईपर्यंतचं सगळं या विभागाकडे असतं. भरती, नेमणूकपत्र, हजेरी, पगार, रजा, प्रशिक्षण, बढती, शिस्तभंगाची कारवाई, तक्रारी, कामगार संघटनेशी बोलणी आणि शेवटी राजीनामा किंवा निवृत्तीचा हिशेब. जुन्या कंपन्यांत याला पर्सोनेल म्हणत. रेल्वेत आजही कार्मिक विभाग हेच नाव आहे. कारखान्याच्या गेटजवळ जिथे हजेरी लागते त्या खोलीला कामगार अजूनही ‘टाइम ऑफिस’ म्हणतात आणि एचआरमधल्या अनेकांची सुरुवात तिथूनच होते.

पर्सोनेलचं एचआर होण्यामागे विचारातला बदल होता. माणसाची नोंद ठेवणं वेगळं आणि त्याची क्षमता वाढवणं वेगळं, हा मुद्दा भारतात ठळकपणे मांडला तो अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी. त्यांच्या शिफारशींवरून लार्सन अँड टुब्रो कंपनीत १९७५ च्या सुमारास मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. देशातला असा हा पहिला विभाग मानला जातो. पाट्या बदलायला मात्र पुढची बरीच वर्षं गेली, आणि काही ठिकाणी फक्त पाटीच बदलली.

मुकादमापासून लेबर ऑफिसरपर्यंत

हा इतिहास रत्नागिरीच्या वाचकाला परका वाटणार नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या जिल्ह्यांतून कामगार मिळत, त्यांत रत्नागिरीचा वाटा सर्वांत मोठा होता. (तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे.) माणसं बोटीनं मुंबईला जायची, गिरणगावात गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची, खानावळीत जेवायची आणि गावच्याच ओळखीनं गिरणीत चिकटायची. ही ओळख बहुधा मुकादमाची असे. गिरणीच्या भाषेत जॉबर.

त्या काळात एचआरचं झाडून सगळं काम मुकादमाकडे होतं. माणूस तो घ्यायचा, काढायचा, रजा द्यायचा, बदली कामगाराला आज उभं करायचं की परत पाठवायचं तेही तोच ठरवायचा. अडीनडीला कर्जही द्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम ‘नायकीण’ करायची. मालकाला कामगाराचं नावही ठाऊक नसलं तरी चालत असे. बदल्यात मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे. नोकरी लागताना, टिकवताना आणि गावाहून परत आल्यावर पुन्हा. गावचा माणूस म्हणून आधार आणि गावचाच माणूस म्हणून जाच, अशी ती दुहेरी व्यवस्था होती.

कामगारांच्या बाजूनं पहिला संघटित आवाज उठवला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतले लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. आठवड्याला एक सुट्टी ही त्यांच्या मागण्यांतली एक, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज जी हक्काची सुट्टी म्हणतो, तिच्यामागे गिरणगाव आहे.

भारतातल्या कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९२९ मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं. अध्यक्षांच्या नावावरून ते व्हिटले कमिशन म्हणून ओळखलं जातं. १९३१ च्या अहवालात कमिशननं मुकादमाच्या हातातली भरती काढून घ्या आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा, असं सुचवलं. तिसाच्या दशकात मुंबईच्या काही गिरण्यांमध्ये असे अधिकारी दिसू लागले. १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. थोडक्यात, आजच्या एचआरचा जन्म मुकादमाची सत्ता मोडण्याच्या गरजेतून झाला. एचआरच्या पुस्तकांत हा भाग चार ओळींत उरकतो. पण कोकणातल्या मुलामुलींच्या पणजोबांनी दिलेली दस्तुरी त्या चार ओळींमागे आहे.

याच सुमाराला शिक्षणाचीही सोय झाली. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई सरकारनं कामगारविषयक शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढली. परळमधली ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्था या नावानं चालते. लोखंड्यांचं नाव एचआर शिकवणाऱ्या संस्थेला असावं, यात एक औचित्य आहे. आणखी एक नाव जोडलंच पाहिजे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळाच्या शेवटी, १९४६ च्या दुरुस्तीनं, कारखान्यांतला कामाचा आठवडा ४८ तासांवर आला.

कारखान्यात दिवसभर काय चालतं?

आता आजच्या रत्नागिरीकडे येऊ. लोटे परशुराम, खेर्डी आणि मिरजोळे इथल्या औद्योगिक वसाहती, रनपारचा फिनोलेक्सचा पीव्हीसी कारखाना, जयगडचं वीज केंद्र आणि बंदर, अंजनवेलचा वीज प्रकल्प, मासळी प्रक्रिया आणि आंबा-काजूचे कारखाने, कोकण रेल्वे, रुग्णालयं, हॉटेलं. या प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी हे काम करतं, पाटी एचआरची असो वा नसो.

मोठ्या कारखान्यात पाहिलं तर कंपनीच्या पटावरच्या माणसांबरोबरच ठेकेदाराकडचे कामगार असतात. लोडिंग, साफसफाई, बागकाम, पॅकिंग, कधी कधी थेट उत्पादनही. त्यांना कोण घेतं? ठेकेदार. रजा कोण देतं? ठेकेदाराचा सुपरवायझर. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पुढच्या दारानं बाहेर काढलेला मुकादम मागच्या दारानं परत आला. कायद्यानं मात्र मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. ठेकेदारानं पगार थकवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्यामुळे ठेकेदाराचं बिल पास होण्याआधी त्यानं आपल्या कामगारांचा भविष्य निर्वाह निधी भरला का, त्याची चलनं खरी आहेत का, किमान वेतन दिलंय का, हे तपासणं एचआरचं काम. ते डोळ्यांत तेल घालून केलं तर कोणी शाबासकी देत नाही, आणि केलं नाही तर शे-दीडशे घरांचा पैसा बुडतो.

भविष्य निर्वाह निधीचंच उदाहरण घ्या. कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले जातात, कंपनी तेवढेच घालते. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के, ठरलेल्या मर्यादेत, निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात. हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकात नसतं ते असं : समजा, एका कामगाराचं नाव आधार कार्डावर ‘विठ्ठल’ आणि निधीच्या खात्यात कोणी तरी वीस वर्षांपूर्वी ‘विठल’ टाइप केलं. जन्मतारीखही शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. मुलीच्या लग्नासाठी त्यानं पैसे काढायला अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. पैसा त्याचाच, पण हातात येत नाही. मग कागद जमवून कंपनी आणि कामगार यांच्या संयुक्त अर्जानं ती नोंद दुरुस्त करावी लागते. माणूस रुजू होतो त्या दिवशी नाव नीट तपासणारा एचआर असेल, तर ही वेळच येत नाही.

अशीच दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. शेवटचा मासिक पगार (मूळ वेतन आणि महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. २०,००० रुपये पगारावर दहा वर्षं काढली असतील, तर १,१५,३८५ रुपयांच्या आसपास. हा हिशेब कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगता येणं, हे खरं एचआरचं कौशल्य. राज्य कामगार विमा योजनेचंही तसंच. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पण घरात आजारपण येईपर्यंत या कार्डाचं काय करायचं, हे अनेकांना माहीत नसतं.

स्थानिकांना नोकऱ्या हा कोकणातला सर्वांत नाजूक विषय. उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असं राज्याचं धोरण आहे. पण ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रातला की पंचक्रोशीतला, यावर गेटवर वाद होतात. जमीन ज्यांची गेली त्यांना वाटतं, पहिला हक्क आमचा. कंपनी म्हणते, वेल्डर हवा तर वेल्डिंग यायला हवं. सरपंचांशी, प्रकल्पग्रस्तांशी, आयटीआयच्या प्राचार्यांशी बोलून यातून वाट काढणारा माणूस कंपनीला मोलाचा असतो. इथे मालवणी किंवा संगमेश्वरी समजणारा, गावातलं मानपान कळणारा उमेदवार मोठ्या शहरातल्या हुशार एमबीएपेक्षा पुढे जातो.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचा कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्षपदी स्त्री हवी आणि बाहेरची एक सदस्यही हवी. मासळी किंवा काजू प्रक्रियेच्या ठिकाणी बहुसंख्य कामगार बायका असतात. तिथे ही समिती नुसती भिंतीवरच्या कागदावर आहे की खरोखर बसते, यावरून त्या कंपनीतल्या एचआरची पत कळते.

मिरकरवाड्याच्या नौकांवर एचआर नाही. तिथे तांडेल खलाशी जमवतो. पावसाळी बंदी संपून १ ऑगस्टला हंगाम सुरू होण्याआधी त्यांना उचल द्यावी लागते, आणि उचल घेतलेला माणूस आलाच नाही तर नौका धक्क्यालाच राहते. आंबा बागांत राखणीला नेपाळहून माणसं येतात, त्यांचीही व्यवस्था तोंडीच. मोठ्या कंपनीतला एचआर जे कागदावर करतो, ते इथे ओळखीवर आणि शब्दावर चालतं. हा जिल्ह्यातल्या रोजगाराचा मोठा भाग आहे, आणि कोणत्याही एमबीएच्या अभ्यासक्रमात तो येत नाही.

बदललेले कायदे

एचआर शिकणाऱ्यानं सध्या जुनी पुस्तकं जपून वापरावीत. केंद्राच्या २९ कामगार कायद्यांना एकत्र करून केलेल्या चार श्रम संहिता (वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. काही ठळक बदल असे : पगाराच्या व्याख्येबाहेर ठेवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच धरला जातो. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. ठराविक मुदतीसाठी घेतलेल्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्या पाचशेवरून अडीचशेवर आली आहे. हा शेवटचा बदल एचआरच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण त्यातून नोकऱ्या निघतात.

शिकायचं कुठे?

पदवीपर्यंत जिल्हा सोडायची गरज नाही. एचआरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए मानसशास्त्र, बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग, सगळ्यांना दार उघडं आहे. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासूनचं, आणि जिल्ह्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएसमध्ये शेवटच्या वर्षाला एचआर हा गट निवडता येत असे. नव्या शैक्षणिक धोरणानं रचना बदलली आहे, तेव्हा प्रवेश घेताना आपल्या महाविद्यालयात काय मिळतं ते विचारून घ्या. बीएमएस आणि बीबीएसाठी २०२४ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी सुरू झाली आहे.

पदवीनंतरचा सर्वांत रुळलेला रस्ता म्हणजे दोन वर्षांचं एमबीए किंवा मुंबई विद्यापीठाचं एमएमएस. पहिल्या वर्षी सगळे विषय, दुसऱ्या वर्षी एचआर. राज्यातल्या प्रवेशासाठी सीईटी सेलची परीक्षा असते. अडीच तासांत २०० प्रश्न, त्यांतले १०० तर्कशक्ती आणि आकृत्यांचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. पदवीला ५० टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४५. त्यानंतर बहुतेक मुलं मुंबई-पुण्याला जातात, नाही तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात.

एचआरमध्येच विशेष शिक्षण हवं असेल, तर टिस, जमशेदपूरची एक्सएलआरआय, पुण्याची सिम्बायोसिसची एससीएमएचआरडी ही नावं देशभर चालतात. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतही एचआरचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. स्पर्धा जबर आणि खासगी संस्थांची फीही तशीच. त्या मानानं परळच्या लोखंडे संस्थेचं मास्टर ऑफ लेबर स्टडीज फारसं चर्चेत नसतं. कारखान्यात किंवा कामगार खात्यात जायचं असेल, तर ते जरूर पाहावं. सरकारी संस्था असल्यानं खर्चाचं ओझंही कमी.

नोकरी करता करता शिकायचं असेल, तर इग्नूचा एचआरमधला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. मुंबई विद्यापीठाचा तीन वर्षांचा अर्धवेळ एमएचआरडीएम आहे, पण त्यासाठी मुंबईच्या आसपास राहावं लागतं. पुणे विद्यापीठाचा कामगार कायदे आणि कामगार कल्याण हा एक वर्षाचा डिप्लोमा कारखान्यांत फार विचारला जातो. जाहिरातीत ‘डीएलएल अँड एलडब्ल्यू’ असं लिहिलेलं दिसतं ते हेच.

आणि एक वाट जी रत्नागिरीतल्या मुलांना घराजवळ आहे पण सहसा सुचत नाही : वकिली. शहरात भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आणि सोबत एचआरचा डिप्लोमा हे जोडकाम कारखान्याच्या एचआरसाठी, आमच्या मते, साधारण दर्जाच्या महागड्या एमबीएपेक्षा जास्त उपयोगी पडतं. कारण शिस्तभंगाचं आरोपपत्र. ते मोघम लिहिलं, चौकशीत कामगाराला बाजू मांडू दिली नाही, किंवा नोटीस त्याला न समजणाऱ्या इंग्रजीत दिली, तर चूक खरी असूनही कामगार न्यायालयात कंपनी हरते. उलट बाजूनंही पाहा. कारखान्यात चोरीचा आळ आलेल्या निर्दोष माणसाची नोकरी नीट झालेल्या चौकशीमुळेच वाचते.

कोणताही डिप्लोमा घेताना एक खात्री करा : तो विद्यापीठाचा किंवा शासनमान्य आहे का? कल्याण अधिकारी आणि कामगार अधिकारी या पदांसाठी मान्यताप्राप्त शिक्षणच धरलं जातं. तीन महिन्यांत ‘सर्टिफाइड एचआर’ करून देणारे ऑनलाइन वर्ग पगारपत्रक किंवा एक्सेल शिकायला ठीक आहेत, पण तिथे त्यांचं वजन शून्य.

पुढच्या वाटा

खासगी क्षेत्रात वाटा साधारण अशा फुटतात. भरती करणारे रिक्रूटर, पगार आणि कायदेशीर पूर्तता पाहणारे, प्रशिक्षण विभाग, पगाराची रचना ठरवणारे, औद्योगिक संबंध म्हणजे संघटनांशी करार करणारे, आणि एखाद्या विभागाबरोबर बसून त्याच्या माणसांचा विचार करणारे बिझनेस पार्टनर. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत नवख्याला बहुधा भरतीचं काम मिळतं : दिवसभर फोन, दर महिन्याचं टार्गेट. कारखान्यात नवखा माणूस हजेरी, पगार, कॅन्टीन, बस, सगळ्यात हात घालतो. सुरुवातीला कारखान्यातलं काम रटाळ वाटतं, पण पाच वर्षांत तिथे माणूस जास्त शिकतो, हे या क्षेत्रातले जुने लोक सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे.

सरकारी नोकरीची वाट अनेकांना माहीतच नसते. राज्याच्या कामगार खात्यातली सहायक कामगार आयुक्त आणि सरकारी कामगार अधिकारी ही पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. भविष्य निर्वाह निधी संघटनेतले अंमलबजावणी अधिकारी आणि सहायक आयुक्त यांची निवड यूपीएससी करते. बँकांमध्ये आयबीपीएसच्या विशेष अधिकारी परीक्षेत एचआर अधिकारी हे पद असतं. त्याला पर्सोनेल मॅनेजमेंट, एचआर, समाजकार्य किंवा कामगार कायदा यांतलं पदव्युत्तर शिक्षण लागतं. म्हणजे एमएसडब्ल्यू झालेल्यांनाही ते खुलं आहे. शिकवायची आवड असेल, तर नेट परीक्षेत कामगार कल्याण आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे.

तिसरी वाट स्वतःच्या व्यवसायाची. वीस-तीस माणसांच्या कारखान्याला किंवा हॉटेलला पूर्णवेळ एचआर परवडत नाही, पण निधी, विमा, रजिस्टर, परतावे यांतून सुटकाही नाही. अशा दहा-पंधरा आस्थापनांचं काम सांभाळणारे सल्लागार प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या आसपास असतात. चार-पाच वर्षं कारखान्यात काढल्यावर रत्नागिरीत किंवा चिपळुणात राहून करता येण्याजोगं हे काम आहे. घर सोडून मुंबईला न जाता.

हे काम कोणाचं, कंपनीचं की कामगाराचं?

प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून हे क्षेत्र निवडू नये. एचआरचा पगार कंपनी देते. कामगार मात्र त्याला आपला माणूस समजून घरची अडचण सांगतो. बऱ्या काळात हे दोन्ही निभावतं. पण खातं बंद करायचं ठरतं, तेव्हा यादी एचआरलाच करावी लागते, आणि त्या यादीत शिमग्याला ज्याच्या घरी जेवलो त्याचं नाव असू शकतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले कितीतरी कोकणात परतले ते कायमचेच. त्या घरांत वाढलेल्या मुलांना ‘कामगार कमी करणे’ हा शब्दप्रयोग कसा ऐकू येतो, ते वेगळं सांगायला नको.

अशा वेळी एचआरच्या हातात निर्णय नसतो. निर्णय कसा अमलात येतो ते असतं. नोटीस वेळेत देणं, हिशेबातला एक रुपयाही न अडवणं, दुसरीकडे कुठे सोय होते का पाहणं, माणसाला समोर बसवून सांगणं. गेटवर कागद चिकटवून मोकळं होणारे एचआरही असतात.

पहिली नोकरी

एमबीएच्या दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत दोन महिन्यांची इंटर्नशिप असते. मुलं ती मुंबईत शोधतात. मिरजोळे किंवा लोट्यातल्या एखाद्या कारखान्यात टाइम ऑफिसला ती केली, तर कंत्राटी कामगारांची रजिस्टरं, पगारपत्रक आणि एखादी चौकशी जवळून पाहायला मिळते, आणि मुलाखतीत सांगण्यासारखं काही तरी हाती लागतं. एक्सेल चांगलं यायला हवं, इंग्रजी ईमेल लिहिता यायला हवा. मराठीत स्वच्छ, न दुखावणारी पण नेमकी नोटीस लिहिता येणं हे त्याहून दुर्मीळ आहे.

नोकरी शोधताना एक खूणगाठ बांधा. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून ‘रजिस्ट्रेशन’, ‘ट्रेनिंग’ किंवा ‘युनिफॉर्म’च्या नावाखाली पैसे मागणारी कन्सल्टन्सी ही भरती करणारी संस्था नव्हे, ती नवी दस्तुरी. खऱ्या कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते. उद्या अशाच ठिकाणी रिक्रूटर म्हणून तुम्हाला बसवलं आणि मुलांकडून पैसे घ्यायला सांगितलं, तर ती नोकरी सोडलेली बरी.

आणि सीईटीचा विचार असेल, तर सुरुवात कागदपत्रांपासून करा. परीक्षेची नोंदणी साधारण डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते आणि परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास होते. नेमक्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. अधिवास दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, लागू असेल त्यांना जात वैधता प्रमाणपत्र, हे सगळं प्रवेशाच्या फेरीत लागतं. जात वैधतेला कित्येकदा महिने जातात, त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसतानाच अर्ज टाकून ठेवा. आणि आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खातं या तिन्हींवर आपलं नाव एकाच स्पेलिंगमध्ये आहे का, तेही एकदा पाहून घ्या.